बायकांचं काम मोजताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

स्त्रियांच्या स्थितीवर पाहणी करणारे विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते यांची बरीच पत्रं आली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण निम्म्या पत्रांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: एम. ए. च्या प्रबंधासाठी गावातल्या १२० घरांची पाहणी केली. ‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला ७१ बायकांनी ‘नाही, घरीच असते’ असं सांगितलं. पण शिवारात बघावं तर बायकाच जास्त दिसतात. मार्गदर्शक म्हणतात, प्रश्नावली चुकली. नेमकं काय चुकलं?
– विद्यार्थी, परभणी

उत्तर: मार्गदर्शकांचं बरोबर आहे. ‘काम’ म्हटलं की बाईच्या डोळ्यांपुढे रोजंदारी येते, नाहीतर नोकरी. घरच्या रानातली खुरपणी, गोठा, डेअरीला जाणारं दूध, सावडीने (एकमेकींच्या रानात आळीपाळीने) केलेली वेचणी हे सगळं तिच्या लेखी ‘घरचंच’. त्यामुळे तुम्हाला मिळालेलं उत्तर खोटं नाही, फक्त ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ही अडचण जुनी आहे. जनगणनेत बायकांची शेतातली मेहनत सुटते, ही टीका इतकी वाढली की १९९१ च्या प्रश्नात ‘घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनमजुरीचं काम धरून’ असे शब्द मुद्दाम घालावे लागले.

पहिली दुरुस्ती अशी, की ‘काम’ हा शब्दच काढून टाका. त्याऐवजी वीस-पंचवीस कामांची यादी घ्या आणि प्रत्येक काम वेगळं विचारा. गेल्या वर्षभरात केलं का, कोणत्या महिन्यांत, अंदाजे किती दिवस, कोणाच्या शेतात, मोबदला मिळाला तर कोणाच्या हातात? परभणीकडची यादी सोयाबीनची खुरपणी आणि सोंगणी, कापसाची वेचणी, तूर, गोठा साफ करणं, धार काढणं, वैरण आणणं, दूध घालणं, शिवणकाम, किराणा दुकानात बसणं, बचत गटाचं पापड-लोणचं अशी होईल. यादी गावातल्याच दोन-तीन बायकांसोबत बसून करा. ग्रंथालयात बसून केलेल्या यादीत हमखास एखादं काम सुटतं, आणि बहुधा ते जनावरांचं असतं.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातले सांकेतिक क्रमांक समजून घ्या, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. घरच्या शेतात किंवा धंद्यात विनामोबदला हातभार लावणाऱ्या व्यक्तीला २१ हा क्रमांक आहे आणि ती कामगार धरली जाते. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. घरकाम सांभाळून सरपण, रानभाजी, वैरण गोळा करणारी किंवा घरापुरतं शिवणारी असेल तर ९३. हे दोन्ही क्रमांक कामगारांत मोडत नाहीत. म्हणजे म्हैस पाळून निघालेलं दूध घरातच संपलं तरी ती आर्थिक कामात जमा, पण दोन कोस चालून आणलेली सरपणाची मोळी नाही. ही रेघ पटो न पटो, ती कुठे आहे ते ठाऊक हवं. वर्षातला जास्त काळ घरकामात गेला पण किमान ३० दिवस शेतात राबली, तर ‘दुय्यम’ कामाच्या नोंदीमुळे ती कामगारांत येते. तुमच्या ७१ जणींमधल्या बऱ्याच इथे सापडतील.

तिसरी गोष्ट वेळेची. याद्यांमधून काम कळतं, भार कळत नाही. त्यासाठी दिवसाची नोंद घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पहिली वेळवापर पाहणी केली. तिची रीत तुम्हालाही चालेल: आदल्या दिवशी पहाटे ४ पासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचे २४ तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ रकाने. ‘साडेपाचला काय करत होता?’ असं विचारलं तर अंदाजपंचे उत्तर येतं. घड्याळाऐवजी दिवसाच्या खुणा धरा: नळाला पाणी कधी आलं, डेअरीची गाडी, शाळेची घंटा, दुपारची एसटी, संध्याकाळची मालिका. दोन खुणांच्या मधलं ती आपोआप सांगते.

प्रत्येक रकान्यात दोन खाने ठेवा, मुख्य काम आणि सोबत चाललेलं काम. भरलेली नोंद अशी दिसते: ‘५.३० ते ६.०० मुख्य: पाणी भरलं. सोबत: चहा ठेवला, पोराला उठवलं. ६.०० ते ६.३० मुख्य: भाकरी. सोबत: पोराचा अभ्यास घेतला, सासऱ्यांना गोळी दिली.’ दुसरा खाना नसता तर मूल आणि आजारी माणूस सांभाळणं जवळपास पुसलं गेलं असतं. मात्र बेरीज फक्त मुख्य खान्याची करा आणि ती २४ तासच भरली पाहिजे. सोबतच्या कामांचे तास वेगळे दाखवा. दोन्ही मिळवून ‘बाई ३१ तास राबते’ असं लिहिलं की परीक्षक तिथेच पान मिटतात.

दिवस साधा होता की बाजाराचा, लग्नाचा, आजारपणाचा, याची खूण करा. शक्य असेल तर प्रत्येकीचे दोन दिवस घ्या, एक वेचणीच्या हंगामातला आणि एक उन्हाळ्यातला. आणि उत्तर तिचंच घ्या. ओसरीवर बसलेल्या नवऱ्याने किंवा सासूने दिलेली माहिती वेगळ्या खुणेने नोंदवा. ती नंतर वेगळी काढून पाहिली, की फरक किती पडतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. प्रबंधातलं एक चांगलं प्रकरण तेवढ्यावरच उभं राहू शकतं.

प्रश्न: २०१९ च्या पाहणीनुसार बायका घरकामाला रोज २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं भाषणात सांगितलं. ‘आमच्या गावात दीड तास घरकाम करणारा पुरुष दाखवा,’ असं म्हणून श्रोते हसले. आकडा चुकला का?
– शिक्षिका, नाशिक

उत्तर: आकडा बरोबर, पण अर्धाच सांगितला गेला. ही सरासरी त्या दिवशी घरकाम *केलेल्यांची* आहे. त्या दिवशी घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम केलेल्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. न केलेल्यांचे शून्य मिनिट धरून गुणाकार करा: बायकांचे सरासरी २४३ मिनिटं, पुरुषांचे २५. श्रोत्यांना खरं वाटलं असतं ते हे. हा हिशेब सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा आहे, म्हणजे शाळकरी मुली आणि आजीबाईही त्यात आल्या. २०२४ च्या पाहणीत काम करणाऱ्यांची सरासरी बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८ मिनिटं आली. दोन्ही उतरल्या आहेत, तेव्हा यातून ‘पुरुष आता हातभार लावू लागले’ असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न: श्रमबलातला स्त्रियांचा सहभाग सहा वर्षांत २३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला असं वाचलं. आमच्याकडे पदवीधर मुली घरी बसून आहेत. मग हा आकडा फुगवलेला म्हणायचा का?
– वाचक, अमरावती

उत्तर: फुगवलेला म्हणण्याआधी उलगडून पाहा. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग, म्हणजे त्यांच्यात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या किती, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. हा मुख्य आणि दुय्यम काम मिळून काढलेला आकडा आहे. पण काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगाराचा वाटा याच काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदार स्त्रियांचा २१ वरून १५.९ वर आला. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांमागे जवळपास ३७ जणी घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस होत्या, म्हणजे वर सांगितलेला क्रमांक २१. पदवीधर मुलगी ज्याला नोकरी म्हणते ती या वाढीत फारशी नाही. पगारदारांचा *वाटा* घटला म्हणजे *संख्या* घटलीच असं मात्र नाही, कारण एकूण बेरीजच मोठी झाली आहे. वाढ किती खरी आणि प्रश्न नीट खोदून विचारल्यामुळे किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे, आणि तो रास्त आहे.

स्वतः आकडेमोड करायची असेल तर सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर मूळ विदा (डेटा) फुकट मिळते. दोन चुका टाळा. प्रत्येक नोंदीला दिलेला गुणक, म्हणजे ती नोंद किती लोकांच्या वतीने आहे तो आकडा, लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका, आणि या विदेतून तालुक्याचा आकडा काढायच्या फंदात पडू नका. नमुना तेवढा मोठा नसतो.

प्रश्न: आमची संस्था दोन गावांत कौटुंबिक हिंसाचारावर पाहणी करणार आहे. पहिल्याच दिवशी सगळ्या बायका ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ म्हणाल्या. बोलतं कसं करायचं?
– कार्यकर्ती, सोलापूर

उत्तर: बोलतं करण्याआधी ती सुरक्षित कशी राहील ते ठरवा. या विषयात चुकीच्या पाहणीने बाईला मार बसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये यासाठी नियम घालून दिले आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही जवळपास तीच शिस्त पाळली जाते. एका घरातून एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे, म्हणजे जावेला किंवा सासूला त्यांचा सुगावा लागत नाही. एकांत मिळाला तरच विचारायचं. न मिळाल्यास तो भाग कोरा सोडून ‘एकांत नव्हता’ अशी नोंद करायची. गावात पाहणीचं नाव ‘बायकांचं आरोग्य’ असं सांगायचं. बाईला स्वतःला मात्र संमती घेताना विषय स्पष्ट सांगावाच लागतो.

एकांत ही सर्वांत अवघड बाब. मधेच सासू चहा घेऊन येते, शेजारीण उंबऱ्यात टेकते. त्यासाठी जवळ दुसरी, बिनधोक प्रश्नावली ठेवा: रक्तक्षय, पाणी, लसीकरण. कोणी आलं की पान उलटायचं आणि ‘हिरव्या भाज्या आठवड्यातून किती वेळा?’ असं सुरू करायचं. ही खूण बाईला आधीच सांगून ठेवा. विचारणाऱ्या मुली त्याच गावच्या नकोत. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं आणि बातमी पाणवठ्यावर पोचत नाही.

आता शब्द. ‘हिंसाचार होतो का?’ या प्रश्नाला तुम्हाला मिळालं तेच उत्तर मिळणार. नवऱ्याने एक थोबाडीत मारणं याला पुष्कळ बायका त्या नावाने ओळखतच नाहीत. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणून कृती विचारतात: ढकललं का, गदागदा हलवलं का, काही फेकून मारलं का, थोबाडीत मारली का, हात पिरगळला किंवा केस ओढले का, बुक्का, लाथ, फरफटवणं, गळा दाबणं, चटका देणं, सुरीचा धाक. प्रत्येकाला पुढचा प्रश्न, गेल्या १२ महिन्यांत किती वेळा. आधी नवऱ्याच्या संशयी वागण्याचे, मैत्रिणींकडे जाऊ न देण्याचे प्रश्न येतात, मग हे. २०१९-२१ च्या फेरीत या पद्धतीने महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित (विधवा, विभक्त धरून) स्त्रियांपैकी २५.२ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३ होता. तुमच्या गावात शून्य येत असेल तर खोट पाहणीत आहे.

पाहणी सुरू होण्याआधी तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला आणि जवळच्या समुपदेशन केंद्राला भेटून या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तक्रार कुठे द्यायची, १८१ आणि ११२ हे मदतीचे क्रमांक, निवारागृह, ही माहिती *प्रत्येक* बाईला द्या, फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांना नाही. चिठ्ठी लहान आणि इतर आरोग्य क्रमांकांत मिसळलेली असावी, नवऱ्याच्या हाती लागली तरी खपून जाईल अशी. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. अठरा वर्षांखालच्या मुलीवरील लैंगिक अत्याचार तुम्हाला कळला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार तो पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘तुझं नाव कोणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचन त्यामुळे देता येत नाही. संमतीपत्रातच तसं लिहा, नाहीतर एक तर कायदा मोडाल नाहीतर विश्वास.

प्रश्न: ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचे तीन-चार वेगवेगळे आकडे वाचनात येतात. खरा कोणता?
– वाचक, बीड

उत्तर: ते एकमेकांच्या विरोधात नाहीत, वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सांगितलेला ४,६०५ हा आकडा बीड जिल्ह्यात तीन वर्षांत झालेल्या ऑपरेशनांचा आहे. त्यात ऊसतोड न करणाऱ्या बायकाही आहेत, आणि जिल्ह्याबाहेर जाऊन करून घेतलेली ऑपरेशनं नाहीत. त्यानंतरच्या चौकशी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे आयुष्यभरातलं प्रमाण, साधारण १७ टक्के. याच्या शेजारी देशाचा ‘सुमारे ३ टक्के’ हा आकडा ठेवतात तेव्हा जपून. तो १५ ते ४९ वयाच्या *सर्व* स्त्रियांचा आहे, त्यात कॉलेजातल्या मुलीही येतात. बरोबरी करायची तर ३० ते ३९, ४० ते ४९ असे वयाचे गट पाडूनच करावी. तसं केलं तरी प्रश्न हलका होत नाही. तिशीच्या आत झालेलं प्रत्येक ऑपरेशन वेगळं तपासण्यासारखं आहे.

स्वतः पाहणी करणार असाल तर वेळ सांभाळा. टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात गावात गेलात तर ज्यांच्यावर पाहणी आहे त्याच सापडणार नाहीत, घरी म्हातारी माणसं भेटतील. ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणताना काही जणी नसबंदीही सांगतात, म्हणून ‘त्यानंतर पाळी कायमची बंद झाली का?’ हा पडताळणीचा प्रश्न हवाच. ऑपरेशनच्या वेळचं वय, अंडाशय ठेवलं की काढलं, आधी सोनोग्राफी झाली का, काढलेला भाग तपासणीला पाठवल्याचा कागद आहे का, खर्च कुठून केला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘मुकादमाकडून उचल’, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराने दिलेली आगाऊ रक्कम, असं येतं, आणि तिथे आरोग्याचा विषय मजुरीच्या हिशेबाला जाऊन भिडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचलही जोडीच्या नावाने, त्यामुळे बाईची वेगळी मजुरी कुठल्याच वहीत सापडत नाही. तिला ‘तुमची मजुरी किती?’ विचारून उपयोग नाही. कोयत्याची उचल, किती टन तोड झाली, खाडे किती आणि खाड्याचा दंड किती, असं विचारा.

प्रश्न: किती मुलाखती पुरतात?
– अनेक वाचक

उत्तर: टक्केवारी लिहायची आहे का, यावर ते अवलंबून. ४० बायकांपैकी ६० टक्के म्हणजे खरं प्रमाण ४५ ते ७५ मध्ये कुठेही असू शकतं. पाच टक्क्यांच्या आत चूक ठेवायची तर सोडतीने निवडलेल्या ३८४ लागतात, आणि त्या मोजक्याच गावांतून घेतल्या तर आणखी. अनुभव समजून घ्यायचे असतील तर २०-२५ सखोल मुलाखती पुष्कळ झाल्या, मात्र अहवालात ‘बहुसंख्य’ हा शब्द वापरू नका. आणि वैवाहिक स्थितीला तीनच चौकोन ठेवू नका. नवऱ्याने टाकलेली बाई स्वतःला ‘विवाहित’ सांगते आणि आकड्यांतून नाहीशी होते. ‘सध्या नवऱ्यासोबत राहता का? नसल्यास केव्हापासून?’ हे दोन प्रश्न जोडा. जात न विचारता पाहणी करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. पाण्याला कोणाला किती लांब जावं लागतं ते जातीशिवाय कळणार नाही.

प्रश्न: आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत. संशोधनात त्या पुरावा म्हणून चालतात का?
– वाचक, मुळशी

उत्तर: चालतात, आणि तुमच्याच भागात त्याचं मोठं काम झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यातल्या अनेक आज ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. तुमच्या संग्रहात प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं माहेर आणि सासर, वय, जात, कोणाकडून शिकली आणि गाताना कोण कोण होतं हे लिहिलेलं हवं. ते नसेल तर आजच लिहून काढा, आजी आहे तोवर. ओवी ही रोजनिशी नाही. सासूच्या जाचाची ओवी गाणारीला तसा जाच झालाच असं नसतं, तीच ओवी दहा गावांत फिरलेली असते. पाठभेद दुरुस्त करू नका. एका गावात ‘बाप’ आणि दुसऱ्यात ‘बंधू’ आला असेल तर दोन्ही ठेवा. ध्वनिमुद्रण असेल तर गाणं संपल्यावरही यंत्र चालू राहू द्या. ‘अशी का गं म्हणायचीस?’ एवढं विचारलं की पुढे जे निघतं ते बहुधा ओवीइतकंच कामाचं असतं.

प्रश्न: शेतजमिनीतला बायकांचा वाटा दाखवायला कृषिगणनेचा ‘सुमारे १४ टक्के’ हा आकडा वापरू का?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: मालकीसाठी नको. २०१५-१६ च्या कृषिगणनेतला हा आकडा वहिवाटदारांचा आहे, म्हणजे जमीन कोण कसतं आणि कारभार कोणाकडे आहे याचा. मालकीसाठी एक-दोन गावांचे सगळे सातबारे काढा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर ते दिसतात. बाईचं नाव एकटीचं आहे की सामाईक, आणि ते कोणत्या फेरफाराने (नोंदीतल्या बदलाने) लागलं, हे दोन रकाने करा: वारस, वाटणी, खरेदी, बक्षीसपत्र, हक्कसोड. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलींची नावं वारस म्हणून लागतात आणि थोड्याच काळात हक्कसोडपत्राने निघून जातात. नुसता आजचा उतारा पाहिला तर ती कधी लागली होती हेच कळत नाही, म्हणून जुने फेरफार तलाठ्याकडून मागवून घ्या. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्याखाली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. तेव्हा १९९४ पूर्वी, १९९४ ते २००५ आणि त्यानंतर असे तीन गट पाडून हक्कसोडपत्रं मोजा.